सातवीतली ताई आणि पहिली-दुसरीतली मुलं : सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग कसा चालवायचा

प्रश्न थोडक्यात असा : मुलगी यंदा सातवीत जाणार, हात चांगला आहे, एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. मे महिन्याच्या सुट्टीत सोसायटीतल्या लहान मुलांना चित्रकला शिकवायची असं तिने ठरवलंय. तिला हे झेपेल का, सामान काय आणायचं, शिकवायचं काय आणि मोठ्यांनी त्यात किती पडायचं, असं तिच्या आईने विचारलं आहे.

झेपेल, पण मुलांची संख्या आणि वय आधी पक्कं करा. बारा वर्षांच्या मुलीला एका वेळी सहा मुलं पुरे. सहा जणांकडे ती दहा मिनिटांत एकेकदा जाऊन येते. आठ-नऊ झाली की शेवटच्या दोघांपर्यंत ती पोचतच नाही, आणि ताईची वाट बघून कंटाळलेलं मूल शेजारच्याच्या कागदावर रेघा मारायला लागतं. पहिलं भांडण तिथेच होतं. वय सहा ते आठ ठेवा. चार वर्षांचं मूल वीस मिनिटंही एका जागी टिकत नाही, त्याला मध्येच शू लागते, आई आठवते; ते सांभाळणं हे शिकवण्याचं काम नव्हे. दहा-अकराची मुलं घेतली तर ती ताईशी बरोबरी करतात, "यापेक्षा मला छान येतं" असं तोंडावर म्हणतात. चार-पाच वर्षांचं अंतर असलं की लहानांना ताई मोठी वाटते आणि ताईलाही धाक दाखवावा लागत नाही.

मुलांनी मुलांना शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचं काम मोठी मुलं करत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यांनी १७८९ नंतर अशीच रीत बसवली. देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं काढताना पाहून त्यांना ती सुचली होती, आणि पुढे ती इंग्लंडमध्ये 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. मद्रासच्या त्या शाळेत अक्षरं शिकवायचं काम बेल यांनी एका आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवलं होतं. पण अक्षर आणि चित्र यांत फरक आहे. 'क' सगळ्यांचा सारखाच यायला हवा. सहा मुलांची सहा झाडं सारखी आली, तर मात्र त्या दिवशी वर्गात एकच चित्र झालं आणि पाच नकला झाल्या.

म्हणून तिला एकच नियम पहिल्या दिवसाआधी समजावून सांगा, बाकीचं ती करता करता शिकेल. दुसऱ्याच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. ज्याचा हात चांगला आहे त्याला हे सर्वांत जड जातं. लहान मूल म्हणतं, "ताई, मला हत्ती येत नाही, तू काढून दे." ताई दोन मिनिटांत सुंदर हत्ती काढून देते, मूल खूश, ताई खूश. पुढच्या वर्गाला तेच मूल बसल्या बसल्या म्हणतं, "तूच काढ." कारण आपल्या हातच्या वेड्यावाकड्या सोंडेशेजारी ताईची सोंड त्याने पाहिलेली असते.

मग करायचं काय? ताईने स्वतःचा वेगळा कागद कायम जवळ ठेवायचा. मुलाला विचारायचं, "हत्तीचं सगळ्यात मोठं काय असतं?" "पोट." "मग ते हवेत बोटाने काढून दाखव." मूल हवेत मोठा गोल फिरवतं. "आता तेच कागदावर, तेवढंच मोठं." ते झालं की, "पोटाखाली काय? किती?" अडलंच, तर ताईने आपल्या कागदावर फक्त सोंड काढून दाखवायची, अख्खा हत्ती नाही, आणि दाखवून झालं की तो कागद उलटा करून ठेवायचा. समोर राहिला तर मूल हत्ती न बघता रेघ बघून काढतं. फळ्यावर दाखवलं असेल तर पुसून टाकायचं. हे पुसणं तिच्या जिवावर येईल, तरी पुसायला लावा.

वर्ग पन्नास मिनिटांचा, आठवड्यातून तीन दिवस, एकूण दहा वर्ग. सुरुवातीला शेवटची तारीख सांगून टाका. वेळ सकाळची साडेनऊ बरी. दुपारच्या उन्हात तेलखडू मऊ पडतात, बोटांना चिकटतात आणि कागदभर डाग होतात. पन्नास मिनिटांत पहिली पाच रद्दी कागदावर हात मोकळा करायला : लांब रेघा, गोल, लाटा, खांद्यापासून हात फिरवून. पुढची पाच दाखवण्याची. पंचवीस-तीस मिनिटं काम. शेवटची दहा चित्रं बघायची आणि आवराआवर करायची. ताईने मुलांच्या समोर बसून दाखवू नये, कारण समोरच्याला चित्र उलटं दिसतं. भिंतीला कागद चिकटवून मार्करने दाखवावं, किंवा सगळ्यांनी एकाच बाजूला बसावं. जमिनीवर सतरंजी आणि प्रत्येकाला एक पॅड, इतकं पुरतं. डायनिंग टेबल नको. त्या उंचीवर सहा वर्षांच्या मुलाचे खांदे कानाला लागतात आणि हात नुसता मनगटातून हलतो.

सामानाचा हिशेब असा. दहा वर्ग, सहा मुलं, प्रत्येकी दोन कागद म्हणजे १२०, वर तीस जादा, एकूण दीडशे. यातले शंभर साधे झेरॉक्सचे ए-फोर चालतील. पन्नास मात्र ड्रॉइंगचे जाड कार्ट्रिज कागद घ्या, १३० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासचे, कारण साध्या कागदावर पाण्याचा रंग लावला की कागद फुगतो आणि दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की त्याचा लगदा निघतो. तेलखडूच्या पंचवीस रंगांच्या दोन पेट्या आणा, पण पेट्या तशाच पुढे ठेवू नका. पंचवीस रंग पाहिले की मूल चित्र सोडून रंग निवडत बसतं. तीन ताटल्या घ्या आणि दोन मुलांत एक ताटली द्या. तिच्यात काळा, पांढरा, तपकिरी, पिवळा, लाल, निळा, हिरवा, नारिंगी एवढेच. त्या तिसऱ्या ताटलीसाठी खडूंचे दोन तुकडे करायला लागतात, ते पहिल्याच दिवशी ताईने स्वतः करावेत. म्हणजे खडू मोडला म्हणून कोणी रडत नाही. काही तुकड्यांवरचा कागद सोलून ठेवायचा. आडवा खडू घासून आकाश, जमीन, भिंत भराभर भरता येते. पांढऱ्या आणि पिवळ्या खडूला बाकीच्यांची काळिमा लागते, त्यासाठी प्रत्येक ताटलीत एक सुती चिंधी. खडूचा चुरा हाताने पुसायचा नाही, कागद उभा करून झटकायचा.

पेट्यांमध्ये फिकट गुलाबीसर खडू असतो, मुलं त्याला 'स्किन कलर' म्हणतात. तो बाजूला काढून ठेवा. माणसाचा चेहरा रंगवायचा झाला की ताईने सांगावं, खडू आपल्या मनगटाशेजारी धरून बघा. तपकिरीचा हलका हात, त्यावर नारिंगी, गरज असेल तर वरून पांढरा घासला की सहा मुलांचे सहा वेगळे रंग तयार होतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सावळ्या मुलाने स्वतःचं चित्र गुलाबी रंगवलेलं बघवत नाही.

पेन्सिल आणि खोडरबर पहिले चार वर्ग देऊ नका. सहा-सात वर्षांची मुलं पेन्सिल दाबून धरतात. एचबीने दाबून काढलेली रेघ खोडली तरी कागदात तिची चर राहते. वरून खडू फिरवला की तो चरीवरून उडी मारतो आणि खोडलेली रेघ पांढरी होऊन परत दिसते. मग मूल पुन्हा खोडतं, रंग पसरतो, कागद फाटतो. खोडरबर हाताशी असला की काहींचा निम्मा तास खोडण्यातच जातो, उरलेला शार्पनरमध्ये. थेट खडूने काढायला लावलं की चित्र मोठं येतं आणि पुढे सरकतं. पाचव्या वर्गापासून पेन्सिल द्यायची तर टूबी, म्हणजे मऊ शिशाची द्या, आणि टोकं आधीच काढून ठेवा.

आता शिकवायचं काय. एलिमेंटरीची तयारी चाललेल्या मुलीच्या डोक्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती हेच असतं. तिला वाटेल, तांब्या-पेला मांडावा. ते या वयाला लागू नाही. सहा वर्षांचं मूल तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतं आणि बूड सरळ रेघेने, कारण तोंड गोल असतं आणि तांब्या सपाट जमिनीवर बसतो हे त्याला ठाऊक असतं. त्याला जे ठाऊक आहे ते ते काढतं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ या वयात कागदाच्या तळाला जमिनीची रेघ येते, वर आकाशाची निळी पट्टी येते आणि मधली जागा कोरी राहते. घराची भिंत काचेची असावी तसा आतला पंखा, पलंग, आजी सगळं दिसतं. ज्याचं महत्त्व जास्त ते मोठं : आई दारापेक्षा उंच, हात पायांपेक्षा लांब. तुमच्या मुलीला ही यादी आधीच सांगा आणि 'हे चुकलेलं नाही' हेही सांगा. नाहीतर ती पहिल्याच दिवशी "आकाश खालपर्यंत येतं" म्हणून सगळ्यांची निळी पट्टी खाली ओढायला लावेल.

पहिल्या वर्गाला पानाचा ठसा घ्या. पिंपळाचं किंवा जास्वंदीचं ताजं पान, शिरांची बाजू वर करून पॅडवर ठेवायचं. वर साधा पातळ कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी, आणि सोललेला खडू आडवा धरून एकाच दिशेने हलक्या हाताने घासायचा. कार्ट्रिजवर हे नीट उठत नाही, तो जाड पडतो. कागद सरकला तर दोन पानं उमटतात, म्हणून चिकटपट्टी विसरायची नाही. पहिल्याच दिवशी सहाही मुलांच्या हातून काहीतरी नक्की उमटतं, आणि कोणाचं चांगलं-वाईट असा प्रश्न येत नाही.

दुसऱ्या वर्गाला तेच पान समोर ठेवून, बघून काढायचं. इथे ताईचं खरं काम सुरू होतं. तिने प्रश्न विचारायचे : पान सगळ्यात रुंद कुठे आहे, मध्यावर की देठाजवळ? शिरा समोरासमोर निघतात की आलटूनपालटून? कडा सरळ आहे की करवतीसारखी? पिंपळाचं टोक बोटाने मोज, उरलेल्या पानाच्या मानाने केवढं लांब? एकेका प्रश्नाला मुलं पान उचलून डोळ्यांजवळ धरतात, आणि मगच खडू हलतो. हा वर्ग हळू चालला तरी चालेल, एका तासात एकच पान झालं तरी चालेल. पुढे कैरी घ्या, दोघांत एक. मे महिन्यात ती घरात असतेच. मुलं सवयीने बदामाचा आकार काढतात. कैरी हातात देऊन तिच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं की एक बाजू फुगीर, दुसरी जरा आत गेलेली आणि टोकाशी चोच, हे बोटालाच कळतं.

मग येतं ते 'सीनरी'. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून थेट झोपडीपर्यंत येणारी नदी, एक नारळाचं झाड, आकाशात चार पक्षी. नदीच्या काठावर कधीही न गेलेलं मूलही हे चित्र काढतं, आणि शक्यता अशी की तुमची मुलगीही हेच शिकवेल, कारण तिलाही कोणीतरी असंच शिकवलं. यावर बंदी घालू नका. बंदी घातली की मूल कोऱ्या कागदाकडे बघत बसतं. त्याच्याकडचं एकमेव खात्रीचं चित्र तुम्ही काढून घेतलेलं असतं. एकदा मनसोक्त काढू द्या. पुढच्या वर्गाला सगळ्यांना खिडकीशी किंवा गच्चीच्या कठड्याशी, मोठं माणूस सोबत ठेवून, पाच मिनिटं उभं करा. ताईने विचारायचं : पाण्याच्या टाक्या किती? वाळत घातलेले कपडे कुठल्या रंगाचे? समोरच्या इमारतीच्या खिडकीत काय ठेवलंय? डोंगर दिसतो का, असला तर टोकदार आहे का? मग खाली येऊन त्यातल्या आठवतील त्या तीन गोष्टी काढायच्या. तीनच. नाशिकच्या मुलाला डोंगर दिसेल, त्याने तो काढावाच. पण तो माथ्यावर सपाट असेल, आणि तो सपाट माथा कागदावर आला की समजा, मूल बघायला लागलं.

वारलीचा एक वर्ग ठेवा, कारण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा राहतो आणि "मला माणूस येत नाही" म्हणणारा मुलगाही दहा माणसं काढतो. खाकी कागद घ्या. दोन चमचे तांदळाची बारीक पिठी, तेवढंच पाणी, अर्धा चमचा फेव्हिकॉल. पातळ दह्याइतकं दाट हवं. फार पातळ झालं तर वाळल्यावर दिसत नाही, फार दाट झालं तर वाळून पोपडे निघतात. अगरबत्तीची काडी किंवा टोक चेचलेली बांबूची काडी कुंचल्याच्या जागी. वरचा त्रिकोण उलटा, खालचा सुलटा, डोकं लहान गोल, हातपाय एकेका रेघेचे. दोन त्रिकोण किंचित तिरके केले की माणूस धावतो, वाकतो, नाचतो. ताईने एवढंच दाखवावं. सोबत दोन वाक्यं सांगावीत की ही पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांची कला आहे, लग्नाचा चौक तिथे बायका भिंतीवर काढतात, आणि जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. माणसांचा गोल, तारपा वाजवणारा मध्ये, अशी तयार नक्कल नको. सोसायटीतलं क्रिकेट, पाण्याचा टँकर, भाजीची गाडी, हे त्रिकोणांच्या माणसांत काढायला लावा.

पाण्याचे रंग आठव्या-नवव्या वर्गाआधी नकोत. तेव्हाही फक्त पिवळा आणि निळा, पोस्टर कलर, सहा नंबरचा गोल कुंचला. पाण्याला रुंद बुडाचा पेला, अर्धाच भरलेला. उंच निमुळता ग्लास हमखास लवंडतो. पिवळा आधी घ्यायचा आणि त्यात निळा कुंचल्याच्या टोकाने थोडा थोडा. उलट केलं तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो, हिरवा व्हायला अर्धी बाटली पिवळा लागतो. लेमन यलोमध्ये प्रशियन ब्लूचे कमी-जास्त थेंब घालून सहा हिरवे करायचे आणि ते पहिल्या दिवशीच्या पानांशेजारी ठेवून बघायचे. जांभळा करायचा हट्ट झाला तर अल्ट्रामरिन निळ्यामध्ये क्रिमझन लाल घालावा. व्हर्मिलियन नारिंगीकडे झुकलेला लाल आहे, त्याने जांभळा होत नाही, मातकट तपकिरी होतो. मग मूल समजतं आपलं चुकलं.

बोलण्याबद्दल. बारा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी तिच्या शाळेतल्या बाईंसारखं बोलायला लागते, हाताची घडी घालायला सांगते, "कोणाचं झालं नाही अजून?" असं विचारते. तिला हसू नका, रागावूही नका. वर्ग संपल्यावर, मुलं गेल्यावर, एकच गोष्ट सांगा. "छान" हा शब्द सगळ्यांना सारखाच म्हटला की त्याला अर्थ उरत नाही. त्याऐवजी दिसतं ते बोलायला शिकवा : "तू इथे निळ्यावर काळा घासलास, रात्र झाली." "तुझ्या पानाला सात शिरा आल्या." आणि "हे काय आहे?" असं विचारू नये, मूल हिरमुसतं. "काय काढलंयस ते मला सांग ना" म्हणावं. नंबर काढायचे नाहीत, चांदणी द्यायची नाही. स्वतःचा धाकटा भाऊ वर्गात असेल तर तोच जास्त त्रास देतो. त्याला कागद वाटायचं काम द्या आणि तो वर्गात तिला 'ताई'च म्हणेल, तीही त्याला घरचं टोपणनाव वापरणार नाही, एवढं आधी ठरवा.

मोठ्यांनी ऐकू येईल इतक्या अंतरावर असायचं, वर्गात बसायचं नाही. दार उघडं. कात्री, कटर, पाणी भरणं, सांडलेलं पुसणं, घरी सोडणं हे तुमचं काम. दोन मुलं हमरीतुमरीवर आली तरच आत जा. आणायला आलेल्या आया-आज्यांना दारातच थांबवा, कारण "रंग बाहेर गेला बघ" हे एक वाक्य आतली तीस मिनिटं पुसून टाकतं. फोटो काढायचे तर चित्रांचे काढा. मुलांचे काढायचे असतील तर त्यांच्या पालकांना विचारून. फी नको, सामानाचा खर्च सहा घरांत वाटून घ्या. पैसे घेतले की पालकांना घरी नेण्याजोगं 'पूर्ण' चित्र हवं असतं, आणि मग ताई ते स्वतः पूर्ण करून देऊ लागते.

प्रत्येक चित्राच्या मागे नाव आणि तारीख तुम्ही लिहा. समोर लिहिलं तर नाव चित्रात घुसतं. वर्तमानपत्राची घडी घालून प्रत्येकाचं एक पाकीट करा, दहा दिवस चित्रं त्यातच राहू द्या, रोज घरी पाठवू नका. शेवटच्या दिवशी जिन्यात किंवा गच्चीत दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावा. प्रत्येकाची तीन, आणि कुठली तीन हे त्या मुलाने ठरवायचं. बहुतेक मुलं तुम्हाला आवडलेली निवडणार नाहीत, निवडू द्या. ताईची स्वतःची चित्रं त्या दोरीवर नकोत. तिला वाईट वाटेल, तर तिच्यासाठी दुसरा दिवस ठेवा, तिच्या चित्रांचा वेगळा.

मध्येच दोन मुलं गावाला गेली, एक कंटाळून गेलं, तीनच उरली तरी वर्ग चालू ठेवा. तीन मुलांचा वर्ग सहांच्या वर्गापेक्षा बरा होतो. तिलाच नको झालं तर एक दिवस सुट्टी देऊन पुन्हा विचारा, आणि तरी नको म्हणाली तर मुलांना तिने स्वतः सांगून, त्यांची पाकिटं त्यांच्या हातात देऊन थांबावं.